शिवेवरचा समुद्र: मराठवाड्यातून पहिल्यांदा तळकोकणात जाणाऱ्यांसाठी

लातूर जिल्ह्यातल्या औशाहून आम्ही पहिल्यांदा समुद्र बघायला निघालो ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. पोरांच्या परीक्षा झालेल्या, पेरणीला अवकाश, म्हणजे आपल्याकडचा मोकळा काळ. दोन दिवस गाडी चालवून मालवणच्या धक्क्यावर पोचलो तर होड्या वर ओढून ठेवलेल्या. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला, अगदी हाक मारावी एवढ्या अंतरावर, आणि जायला साधन नाही. जाळं विणत बसलेल्या एका काकांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "आता गणपतीक येवा."

त्या खेपेला आम्ही एवढ्या चुका केल्या की पुढच्या तीन खेपा त्या दुरुस्त करण्यात गेल्या. गावाकडचं कुणी विचारायला लागलं की फोनवर तासभर तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. हे सगळं वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, सावंतवाडी, बांदा या गोव्याला लागून असलेल्या पट्ट्याबद्दल आहे. रत्नागिरी, गणपतीपुळे ह्यात नाही. तिकडचं सांगणारे पुष्कळ आहेत.

१. आधी महिना ठरवा, मग सुट्टी टाका

आपण सुट्टी बघून महिना ठरवतो. समुद्रावर हे चालत नाही. साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या, किल्ल्याच्या फेऱ्या, पाण्यातले खेळ बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीचीही बंदी असते, म्हणजे ताजी सुरमई खायला जाणार असाल तर तेही गेलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. हवा कोरडी, पाणी शांत, आणि गावोगाव जत्रा चालू. जत्रेत रात्री उशिरा दशावतार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, उभा राहतो तो पहाटेपर्यंत चालतो. तिकीट नाही, मांडव नाही, देवळासमोर बसायचं. नाताळ ते एक जानेवारी तेवढं टाळा. त्या आठ दिवसांत अख्खी मुंबई आणि पुणं तिकडं असतं आणि खोलीचे भाव ऐकून घरी परत जावंसं वाटतं.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही ह्याच हंगामाच्या शेवटी येते, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तिची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन दरवर्षी ठरते. जत्रेला जायचं नसेल तर ती तारीख माहीत करून घ्या आणि मालवणकडं त्या दोन दिवसांत फिरकू नका.

एप्रिल-मे हा आंब्याचा महिना खरा, पण घाम आपल्या उन्हाळ्यासारखा नाही. आपल्याकडं ४२ अंशात सावलीला बसलं की बरं वाटतं. तिथं ३३ अंशात सावलीतही अंग चिकट राहतं, आणि दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. कपडे एक जोड जास्त घ्या.

पावसाळ्यात फक्त आंबोलीला जावं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं. लातूरला चांगल्या वर्षी सात-आठशे.

२. बरोबर काय घ्यायचं

- सगळ्यांची आधार कार्डं, लहान पोरांचीसुद्धा. खोली देताना मागतात.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन. डिजिलॉकरमध्ये असलेलं चालतं, पण घाटात आणि वाडीवर रेंज जाते, तेव्हा कागदही ठेवा.
- भाड्याची, म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी असेल तर तिला दुसऱ्या राज्यात जायचा परमिट आहे का, हे मालकाला निघायच्या आधी विचारा. गोव्याच्या हद्दीवर हा वाद घालायची वेळ आली की दिवस गेला. पुढं वाचाल तर कळेल, जाताना तुम्ही कर्नाटकातूनही जाणार आहात.
- रोख पैसे. फोनवरून पैसे घेणारे आता सगळीकडं आहेत, पण रेंज नसली की दोघंही फोन वर धरून उभे.
- मळमळीच्या गोळ्या. आपली माणसं सरळ रस्त्याची. घाटात पहिल्या दहा वळणांत कळतं कोण कसं आहे ते.
- तिथी दाखवणारं कॅलेंडर. चेष्टा करत नाही, पाचव्या मुद्द्यात सांगतो.
- धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. वाटेत कामाला येतातच, पण तिथं तिसऱ्या दिवशी भाताचा कंटाळा आला की चटणीच्या डब्याला मान मिळतो.

जीन्स नेऊ नका. वाळू आणि खारं पाणी लागलेली जीन्स ही शिक्षा आहे.

३. जायचं कसं

लातूरकडून रस्ता सोपा आहे. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. लोक ह्याला रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणतात. नांदेड, अहमदपूर, लातूरहून जातो तोच हा. म्हणजे आपल्या दारातला रस्ता सरळ समुद्रापर्यंत जातो, आपणच कधी शेवटपर्यंत गेलो नाही. परभणी, हिंगोली, नांदेडकरांनी लातूरपर्यंतचं अंतर त्यात धरावं. लातूर ते सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं.

पाचशे म्हणजे एका दिवसात मारू, असं दाजी म्हणाले होते. मारलंही असतं, पण शेवटचे सव्वाशे किलोमीटर हे आधीच्या पावणेचारशेसारखे नाहीत. कोल्हापूरच्या पुढं निपाणी किंवा संकेश्वर, मग आजरा, आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी. निपाणी आणि संकेश्वर कर्नाटकात. आंबोलीत संध्याकाळी धुकं उतरलं की समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. म्हणून कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन घ्या, सकाळी सातला निघा. घाट उजेडात उतरायचा, हा आमच्या घरातला कायदाच झालाय.

आंबोलीशिवाय फोंडा घाट आणि गगनबावड्याचे करूळ, भुईबावडा हे घाटही खाली उतरतात. ते कणकवली, वैभववाडीकडं जाणाऱ्यांच्या सोयीचे. कामासाठी किंवा दरड पडल्यावर घाट बंद ठेवतात, आणि मोबाईलवरचा नकाशा बंद घाटातूनही बिनदिक्कत रस्ता दाखवतो. त्यामुळं कोल्हापूर सोडण्याआधी एखाद्या ट्रकवाल्याला किंवा एसटीच्या ड्रायव्हरला विचारा.

रेल्वेनं यायचं तर परळी, लातूर, पंढरपूर, मिरजेवरून कोल्हापूरला जाणारी नागपूर-कोल्हापूर गाडी आहे, पण ती रोज नसते. आणि कोल्हापूरला रूळ संपतात. तिथून कोकण रेल्वेला जोड नाही, घाट उतरायचा तो एसटीनंच. दुसरा मार्ग मुंबईवरून, कोकण रेल्वेनं कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला. सावंतवाडी रोड हे स्टेशन गावात नाही, काही किलोमीटर बाहेर आहे. रात्री उतरणार असाल तर रिक्षाची सोय आधी बघा. कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात.

मिरज आलं की आमची आई दरवेळी खिडकीतून बघते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली ती इथूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वर्षी आमच्या गल्लीत घागरीच्या रांगेवरून भांडणं झाली होती. "त्याच रस्त्यानं आपण पाणी बघायला चाललोय बग," असं ती म्हणाली, आणि मिरज मागं पडेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

४. मुक्काम एकाच गावात टाकू नका, चार गावांतही नको

पाच दिवस असतील तर दोन मुक्काम पुरतात. पहिले तीन दिवस वेंगुर्ला किंवा शिरोडा, नंतरचे दोन सावंतवाडी किंवा मालवण. बहुतेक जण थेट मालवण-तारकर्ली धरतात. तिथं खेळ, स्कुबा, होड्या सगळं आहे, आणि म्हणूनच गर्दीही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्यानं वेंगुर्ल्यात राहावं. बाजार आहे, दवाखाना आहे, सागरेश्वरचा किनारा जवळ आहे, आणि माणूस बोलायला मोकळा आहे.

घरगुती निवास-न्याहारीच्या खोल्या हॉटेलपेक्षा बऱ्या. फोनवर हे विचारून घ्या: समुद्र पायी किती मिनिटांवर, जेवण घरचं का बाहेरून, शाकाहारी वेगळं शिजवता का, गाडी दारापर्यंत येते का. शेवटचा प्रश्न विसरू नका. नारळी-पोफळीच्या बागेतलं घर फोटोत सुंदर दिसतं, पण तिथं जायला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचा गडगा, म्हणजे तांबड्या दगडाची कुंपणभिंत, असलेली अरुंद पाणंद असते. समोरून रिक्षा आली की एकानं पाचशे फूट उलटं जायचं. आपली पांदण आणि त्यांची पाणंद शब्दानं बहिणी, पण आपल्या पांदणीत निदान बाजूच्या शेतात चाक घालता येतं.

आगाऊ पैसे पाठवताना जपा. एका खोलीचे आम्ही पूर्ण पैसे भरले, "समुद्राला लागून" असं लिहिलेलं होतं. पोचल्यावर गच्चीवर नेऊन, टाच उचलायला लावून मालकानं समुद्र दाखवला. तेव्हापासून अर्ध्याहून जास्त पैसे आधी देत नाही आणि खोलीतून काढलेला फोटो मागतो.

पत्ता विचाराल तर वाडीचं नाव विचारा. आपल्याकडं वाडी म्हणजे छोटं गाव, तिथं एकाच गावात दहा-बारा वाड्या असतात, विखुरलेल्या, मध्ये डोंगर, ओढा, बागा. गावात पोचलो म्हणजे घरी पोचलो असं समजू नका, अजून अर्धा तास असू शकतो.

५. भरती-ओहोटी शिका, बाकी सगळं नंतर

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जरा दमानं वाचा.

आपल्या डोक्यात पाणी म्हणजे तळं किंवा गोदावरीचा घाट. काल जिथं होतं तिथंच आज. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि दोनदा मागं जातो. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास. म्हणजे रोज वेळ पाऊणएक तासानं पुढं सरकते. सकाळी ज्या कोरड्या वाळूवर चटई टाकली तिथं दुपारी कमरेएवढं पाणी असू शकतं. आम्ही दुसऱ्या खेपेला शिरोड्याजवळ एका खडकावर पोरांना घेऊन बसलो होतो, खेकडे बघत. परत फिरलो तर मागची वाळू गायब. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण लाट आली की मांडीपर्यंत. पोरांना खांद्यावर घेऊन आलो, दाजींच्या दोन्ही चपला समुद्रानं नेल्या.

किनाऱ्यावर एक म्हातारे मासेमार हे सगळं बघत बसले होते. रागावले नाहीत. जवळ बोलावलं आणि विचारलं, "आज तीथ कसली?" आईनं लगेच सांगितलं, संकष्टी. म्हणजे चतुर्थी. मग त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला, तो असा:

तिथीचा आकडा गुणिले तीन, भागिले चार. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ.

चतुर्थी: चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी-नंतर, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊला पूर्ण ओहोटी. एकादशी: अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी सव्वादोनला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो. फोनवर त्या गावाची नेमकी वेळ मिळते, तीही बघा. पण फोनची बॅटरी संपली तरी आपल्या घरातल्या बायकांना तिथी पाठ असते, हे आपलं भांडवल आहे.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं: भरतीला पाणी जास्त वर, ओहोटीला जास्त खाली. अष्टमीच्या आसपास हा फरक सगळ्यात कमी, त्याला तिकडं भांग म्हणतात. पोरं लहान असतील तर सहल अष्टमीच्या आगंमागं धरा.

आता ह्याचा उपयोग:

- ओहोटीला शंख-शिंपले, खडक, लांब फेरफटका. खडकावर असाल तर ओहोटीची वेळ उलटून तास व्हायच्या आत परत निघा.
- पाण्यात उतरायचं ते भरती येत असताना. पाणी उतरायला लागलं की बाहेर. ओहोटीला पाणी आत ओढतं, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल.
- विहिरीत, कॅनॉलला पोहणाऱ्यानं जास्त भ्यावं. त्याला वाटतं आपल्याला येतं. लाटेत पाय वाळूवरून सुटला की विहिरीतलं पोहणं आठवत नाही. गुडघ्यापर्यंत बास.
- लाटांच्या ओळीत मध्येच एखादा पट्टा शांत, लाटा न फुटणारा दिसतो. नवखा तिथंच उतरतो, आणि नेमकं तिथूनच पाणी परत आत जात असतं. कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडं सरळ झुंजायचं नाही, अंग तरंगतं ठेवून किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि हात वर करायचा. वाचवायला बाकीच्यांनी साखळी करून आत शिरू नका. दोरी, रिकामा कॅन, टायर, जे हाताला लागेल ते फेका आणि गावकऱ्यांना हाका मारा.
- होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या आणि त्याचे पट्टे बांधा. नुसतं गळ्यात अडकवून फोटो काढायला ते नाही.
- गाडी वाळूत नेऊ नका. ओली वाळू सिमेंटसारखी टणक दिसते, आणि थांबली की चाक खाली जातं. आमच्यासमोर एका पाहुण्यांची गाडी भरतीत अडकली. ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दरवाजाला लागलं होतं.

घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. खारी हवा पत्रा खाते.

६. वेंगुर्ला ते तेरेखोल, एक दिवस

पहाटे उठून किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण दिसेल. होडीनं अर्धगोलात टाकलेलं लांबच लांब जाळं, त्याची दोन्ही टोकं धरून तीस-चाळीस माणसं ते काठावर ओढत असतात. मागं झुकून, टाच वाळूत रोवून, एका तालात. जाळं जवळ आलं की पाणी आधी रंग बदलतं, मग चमकायला लागतं, मग उड्या. आमच्या थोरल्यानं दोरीला हात लावला तर कुणी हाकललं नाही. शेवटी एका बाईनं चार बांगडे त्याच्या हातात ठेवले. ओढणाऱ्याचा वाटा असतो म्हणे. आमच्या घरात आई माळकरी. ते बांगडे खोलीच्या मालकिणीला दिले, तिनं त्या रात्री आईसाठी वेगळ्या चुलीवर काळ्या वाटाण्याची उसळ केली.

वेंगुर्ल्यात डचांची जुनी वखार आहे, पडकी. १७ व्या शतकात हे मोठं व्यापारी बंदर होतं. फळसंशोधन केंद्रही इथलंच, 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' ह्या काजूच्या जाती इथून निघाल्या. शेतकरी असाल तर तास-दोन तास त्यासाठी काढा.

दक्षिणेला निघालं की आरवली लागतं. तिथला वेतोबा बघाच. माणसापेक्षा उंच उभी मूर्ती, आणि नवसाला केळ्यांचा घड नाहीतर चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. देव रात्री गावभर राखण करत फिरतो, चपला झिजतात, अशी श्रद्धा. दाजी तिथं बराच वेळ उभे होते. त्यांच्या समुद्रात गेलेल्या चपलांचा विषय कुणी काढला नाही.

पुढं शिरोडा. इथली मिठागरं बघायला थांबा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात महाराष्ट्रातलं एक मोठं केंद्र हे होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आगरात पांढरे ढीग दिसतात. पोरांना मीठ पुडीत तयार होत नाही हे समजतं.

मग रेडी. रस्त्याला तांबडी धूळ, लोखंडाच्या खाणींची. इथला द्विभुज गणपती १९७६ साली खाणीत सापडलेला. यशवंतगड जवळच आहे, झाडांनी गिळलेला. बूट घाला आणि एकटे जाऊ नका.

रेडीहून पुढं गेलं की नदी न ओलांडताच पाट्या बदलतात, तुम्ही गोव्यात असता. तेरेखोल नदी ही साधारण शीव धरली तर तेरेखोल गाव अलीकडं, आपल्या बाजूला आहे, पण राज्य गोव्याचं. किल्ला सावंतवाडीकरांचा, तो १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि नदीच्या ह्या बाजूचा तेवढा तुकडा तिकडंच राहिला. नळदुर्ग, उदगीर, औसा बघितलेल्या माणसाला हा किल्ला एखाद्या मोठ्या वाड्याएवढा वाटेल. आत छोटं चर्च आहे आणि हॉटेल आहे, म्हणून आत शिरण्याआधी विचारा. तटावरून मात्र नदी समुद्राला मिळते ती जागा आणि पलीकडची केरीची वाळू एका नजरेत येते.

१५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी ह्या किल्ल्यावर तिरंगा लावला. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, म्हणजे उशिरा स्वातंत्र्य मिळालेल्यांत आपल्यापेक्षा तेरा वर्षं मागं हे लोक. बांद्यापुढं पत्रादेवीला १९५५ च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, हायवेनं गेलात तर तिथं गाडी थांबवा.

तेरेखोलहून केरीला जायला फेरीबोट आहे, गाडीसकट. शेवटची फेरी कधी ते जातानाच विचारून ठेवा. चुकली तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून वळसा घालून यावं लागतं.

७. हद्द ओलांडताना

हद्द दिसत नाही, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत गेल्यासारखं वाटतं. नियम मात्र बदलतात.

गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणू नका. स्वस्त आहे म्हणून "दोनच बाटल्या" गाडीत टाकणारे आपल्याकडचे खूप. ती गोव्यातच विकायला बनवलेली असते, इकडं परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या डिकीतही एकदा डोकवा.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आहे तो महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पणजीच्या गाडीत बसलात तर पुढचं पूर्ण भाडं. जास्त फिरणार असाल तर 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास आगारात मिळतो.

गोव्यात भाड्यानं दुचाकी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर पोलिसांच्या हातात तुम्ही सापडता, तो नाही. हेल्मेट लागतंच. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्याला आणि वाळूत गाडी घालण्याला तिथं दंड आहे.

८. आतला मुलूख

समुद्राचा कंटाळा आला असं कुणी कबूल करत नाही, पण चौथ्या दिवशी येतो. तेव्हा सावंतवाडी. मोती तलावाकाठी संध्याकाळ काढायची, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवतात ते बघायचं, चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं. लाकडाचा लाल मिरचीचा घोस बघून आई म्हणाली, आपल्याकडच्या वाळवणात ठेवला तर ओळखू येणार नाही. घेतलाच.

तिथून वर आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम. दोडामार्गकडं तिलारी धरण, महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं मिळून. त्या भागात २००२ पासून कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती आहेत. बागायतदारांचं नुकसान करतात, सेल्फीसाठी थांबत नाहीत. संध्याकाळनंतर आडवाटेला जाऊ नका. जानेवारी ते मे ह्या काळात तिथल्या जंगलात गोचिडीपासून माकडतापाचा धोका असतो, तेव्हा पूर्ण बाह्या, बंद बूट, आणि मेलेलं माकड दिसलं तर लांबून जायचं, गावात कळवायचं.

सिंधुदुर्ग किल्ला आम्ही तिसऱ्या खेपेला डिसेंबरात बघितला. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला, १६६७ ला पुरा झाला. तटावर फिरताना गाईड महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा दाखवतो, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ दाखवतो. आईचं लक्ष विहिरींवर. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. ती काठावरून वाकून बघत राहिली, मग होडीवाल्याला विचारलं, "उन्हाळ्यात आटतंय का हो हे?"

"नाय आजी. बाराय म्हयने पाणी आसता."

तिनं हे दोनदा विचारून पक्कं केलं.

९. खाणं आणि खरेदी, थोडक्यात

मासळीच्या ताटाचा भाव ताटावर बसण्याआधी विचारा, आणि कुठला मासा तेही. सुरमई, पापलेट, बांगडा ह्यांच्या ताटांत दुपटीचा फरक असतो. पापलेट बऱ्याच ठिकाणी नगावर असतं. शाकाहारी असाल तर "व्हेज आहे का" एवढंच विचारू नका, वेगळ्या भांड्यात का ते विचारा. घावन, आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी आपल्याला चालण्यासारखं. आपल्यासारखं तिखट मागाल तर मिळेल, पण आधी त्यांचं त्यांच्या पद्धतीनं खा. ज्वारीची भाकरी शोधू नका, तांदळाची मिळते, ती गरम असतानाच खायची.

रस्त्याकडेला देवगड हापूस म्हणून विकला जाणारा प्रत्येक आंबा देवगडचा नसतो. बागेतून किंवा ओळखीनं घ्या. काजू अख्खे, तुकडा, सालासकट असे वेगवेगळ्या भावात असतात, पाकीट फोडून दाखवायला सांगा. कोकम, आगळ (कोकमाचा दाट रस), तांदळाचं पीठ हे न चुकता घ्या. लाटण्यापासून सुरीपर्यंत लाकडी वस्तू चितारआळीत.

आणि बोली. "खंयसून इलास?" म्हणजे कुठून आलात. आपण "लातूरहून आलाव" म्हणालो की त्यांना आपलं "आलाव" गमतीचं वाटतं, आपल्याला त्यांचं "इलास". "पाण्याची रेल्वे गेलेली ता लातूर?" असं शिरोड्याच्या एका चहावाल्यानं विचारलं होतं. हो म्हटल्यावर त्यानं आमच्या पुढ्यात न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि चहाचे पैसे घेताना तेवढा आईचा कप सोडून मोजला.